टाउन मीटिंगमध्ये तळ्याचा आणि मोकळ्या जागेचा ठराव मंजूर कसा करून घ्यावा

मॅसॅच्युसेट्समधल्या गावांत खर्चाला मंजुरी देतात ते नोंदणीकृत मतदार. शाळेच्या सभागृहात जमून, कार्ड वर करून किंवा क्लिकरचं बटण दाबून. हीच टाउन मीटिंग. काही मोठ्या गावांत निवडून दिलेले सदस्य मत देतात, बाकी रीत तीच. सभेतलं भाषण कितीही रंगलं तरी कागद चुकला असेल तर ठराव वाया जातो, म्हणून कामाला सहा-आठ महिने आधी लागा.

आधी पैसा कुठून येणार ते ठरवा. २००० सालच्या कम्युनिटी प्रिझर्व्हेशन कायद्याने गावाला मालमत्ता करावर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. राज्याच्या निधीतून त्यात दरवर्षी भर पडते. जमणाऱ्या रकमेपैकी किमान १० टक्के मोकळ्या जागांसाठी खर्च करावी किंवा राखून ठेवावी लागते. तुमच्या गावाने हा कायदा स्वीकारला आहे का आणि राखीव खात्यात किती शिल्लक आहे, हे दोन प्रश्न टाउन हॉलमध्ये पहिल्याच दिवशी विचारा. "माझा कर किती वाढणार?" हे सभेत कोणीतरी विचारणारच. समजा घराची किंमत ६ लाख डॉलर, पहिल्या १ लाखाला सूट, कराचा दर हजारी १२ डॉलर, अधिभार दीड टक्का. ५ लाखांवरचा कर ६,००० डॉलर, त्यावर अधिभार वर्षाला ९० डॉलर. तो आधीपासून भरला जातोच, ठराव मंजूर झाल्याने वाढत नाही. हे गणित एका ओळीत तयार ठेवा.

आता खरी गोम. या निधीतून मोकळ्या जागेचं पुनरुज्जीवन करता येतं, पण ती जागा याच निधीतून घेतलेली किंवा निर्माण केलेली असेल तरच. शंभर वर्षांपासून गावाच्या मालकीचं तळं त्यात बसत नाही. अशा वेळी दोन वाटा उरतात. तळं पोहायला, होड्यांना वापरात असेल तर 'करमणुकीची जमीन' या सदराखाली अर्ज करा. २०१२च्या दुरुस्तीनंतर तिथे जुनी मालमत्ताही चालते. किंवा तळं नष्ट होण्यापासून वाचवणारं काम म्हणून 'जतन' या सदरात मांडा. सदर कोणतं, यावर गावाच्या वकिलाचं लेखी मत आधीच घ्या. नेहमीच्या देखभालीला मात्र या निधीतला एक डॉलरही मिळत नाही.

शिंगाड्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे उपवासाला ज्याचं पीठ लागतं, त्याच कुळातला चार काट्यांचा शिंगाडा १८७०च्या दशकात केंब्रिजमध्ये लावला गेला आणि आता इथल्या तळ्यांवर हिरवी चादर पसरतो. बी गळण्याआधी, जून-जुलैत, कायाकमधून हाताने मुळासकट उपटायचा. तळाशी पडलेलं बी दहा-बारा वर्षं जिवंत राहू शकतं, म्हणजे काम एका उन्हाळ्याचं नाही. दरवर्षीची ही उपटणी म्हणजे देखभाल; तिचे पैसे गावाच्या नेहमीच्या बजेटमधून मागा, नाहीतर स्वयंसेवक उभे करा. मिलफॉइल या पाण्याखाली वाढणाऱ्या तणाची गोष्ट उलटी. ते यंत्राने कापलं तर तुकड्यांतून आणखी पसरतं.

गाळ काढायचा असेल तर एकदम सगळी रक्कम मागू नका. पहिल्या वर्षी खोलीची मोजणी, गाळाची रासायनिक तपासणी आणि आराखडा एवढ्यापुरताच छोटा ठराव आणा. १ एकरावर १ फूट गाळ म्हणजे सुमारे १,६१३ घनयार्ड. ५ एकरांत २ फूट काढला तर १६,००० घनयार्डांच्या वर, म्हणजे १६ घनयार्डांच्या ट्रकच्या हजारेक फेऱ्या. गाळात जड धातू निघाले तर तो टाकायचा कुठे, यावरच खर्च कित्येक पट वाढतो. तपासणीआधी दिलेला आकडा हा अंदाजपंचे असतो आणि गावाचे खर्च तपासणारी फायनान्स कमिटी तो लगेच ओळखते.

अर्ज कम्युनिटी प्रिझर्व्हेशन कमिटीकडे जातो. तिची शिफारस नसेल तर टाउन मीटिंग या निधीतून काहीही देऊ शकत नाही. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत, म्हणजे वॉरंटमध्ये, १० मतदारांच्या सह्यांनी विषय घालता येतो खरा, पण तो इथे कामाचा नाही. शिफारशीपेक्षा रक्कम कमी करता येते, वाढवता येत नाही. "आणखी ५० हजार घाला" अशी उपसूचना आली की सभा चालवणारा मॉडरेटर ती तिथल्या तिथे फेटाळतो. म्हणून अनपेक्षित खर्चाचे १०-१५ टक्के अर्जातच धरा.

जमीन घ्यायची असेल तर मूल्यांकन अहवाल आधी हवा. त्यापेक्षा जास्त किंमत देता येत नाही. घेतलेल्या जमिनीवर कायमचं संवर्धन-बंधन, म्हणजे ती मोकळीच ठेवण्याची कायदेशीर अट, नोंदवावं लागतं, त्याचा अधिकारही ठरावातच मागा. करसवलतीखालचं शेत किंवा जंगल घरं, उद्योग किंवा व्यापारासाठी विक्रीला निघालं तर पहिला हक्क गावाचा, पण मुदत नोटिशीपासून १२० दिवस. वसंतातली सभा होऊन गेली असेल तर विशेष सभाच बोलवावी लागते, आणि तिचं वॉरंट किमान १४ दिवस आधी लागलं पाहिजे. वार्षिक सभेला ७ दिवस पुरतात.

ठरावात रक्कम, कोणत्या खात्यातून, कशासाठी आणि कोण खर्च करणार हे चारही लिहा. जमा निधीतून खर्चाला साधं बहुमत पुरतं; कर्ज काढायचं किंवा जमीन सक्तीने संपादित करायची तर दोन-तृतीयांश. २४० मतं पडली तर १६० हवीत, १५९वर ठराव पडला. मत देणाऱ्यांची नावं मतदार यादीत आहेत ना, हे टाउन क्लर्ककडे मुदतीआधी तपासा. ग्रीन कार्डवाल्यांना मत नाही. बोलायचं असेल तर परवानगी मागावी लागते.

ठराव मंजूर झाला की लगेच घरी जाऊ नका. अनेक गावांत फेरविचाराची सूचना त्याच रात्री आणता येते, आणि तोवर तुमची माणसं उठून गेलेली असतात.

दुसऱ्या दिवसापासून परवाने. काँझर्व्हेशन कमिशनकडे पाणथळ कायद्याखालचा अर्ज. त्यावर मिळणारा आदेश साधारण ३ वर्षं चालतो. १०० घनयार्डांहून जास्त गाळ काढायचा तर राज्याच्या पर्यावरण खात्याचं पाण्याच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्रही लागतं. दोन्ही हातात येईपर्यंत कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.