पिस्तूलच्या गोळ्या घरी भरताना डबल चार्ज टाळा

रीलोडिंगमध्ये (वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्यात) सगळ्यात घातक चूक म्हणजे एकाच केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) पावडर दोनदा पडणं, म्हणजेच डबल चार्ज, कारण पिस्तूलचा चार्ज (एका गोळीत भरायची पावडर) इतका छोटा असतो की ९ एमएमच्या केसमध्येही काही पावडरींचा डबल चार्ज आरामात मावतो आणि नीट आत बघितल्याशिवाय कळतसुद्धा नाही. म्हणून बुलेट (उडणारं पुढचं टोक) बसवायच्या आधी प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघाच, अगदी प्रत्येक. टेबलावर एकच पावडरचा डबा ठेवा, मोबाईल लांब. पावडरचं माप लोड मॅन्युअलमधल्या (मापांचे तक्ते देणाऱ्या पुस्तकातल्या) सुरुवातीच्या आकड्यापासूनच घ्या, मित्राने सांगितलेला आकडा नको. चष्मा लावा. आणि रेंजवर आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर लगेच थांबा, पिस्तूल रिकामं करून बॅरल तपासा, आत बुलेट अडकलेली असू शकते.