जुन्या गाडीला साइड मिरर बसवताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून जुन्या गाड्यांच्या गॅरेजात येणाऱ्या मुलांना इंजिन उघडायची घाई असते. मी त्यांना आधी साइड मिररचं काम देतो. पत्रा, काच, रंग, गाडीचा इतिहास आणि चालवणाऱ्याची बसायची सवय, हे सगळं या एका कामात हाताखाली येतं. शिवाय इंजिनाचा बोल्ट खोलून पुन्हा आवळता येतो. पत्र्याला पाडलेलं भोक बुजवायचं तर वेल्डिंग, लांबी (म्हणजे खड्डे भरायची पुट्टी), रंग आणि त्या रंगाची शेड जुळवण्याची डोकेदुखी, एवढं सगळं मागे लागतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघालेली हीच गाडी पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. अशी गाडी हातात आली की आधी दरवाजाचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढा आणि आतून टॉर्च मारा. मागच्या मालकाने कुठे आरसा लावला होता ते आतूनच कळतं: वेल्डिंगचा काळपट डाग दिसतो किंवा लांबीची गाठ बाहेर आलेली असते. बाहेरून चुंबक फिरवलात तर लांबी जाड भरलेल्या जागी तो धरत नाही. जुनं भोक योग्य जागी असेल तर तेच वापरा. गाडी जुन्या गाड्यांच्या रॅलीत उतरणार असेल तर मूळ माहितीपत्रक किंवा त्या काळचे फोटो मिळवा. तेव्हाच्या बऱ्याच गाड्या डाव्या आरशाशिवायच कारखान्यातून निघत. अशा गाडीला मी भोक पाडत नाही, दरवाजाच्या कडेला पकडणारा क्लॅम्पचा आरसा लावतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मात्र दोन्ही बाजूंना पक्के आरसे हवेतच, आणि यात मी मालकाचं ऐकत नाही.

आता जागा. मालकाला त्याच्या नेहमीच्या पद्धतीने सीटवर बसवा. उशी घेऊन बसत असेल तर उशीसकट. तुम्ही बाहेर उभे राहून आरसा हाताने दरवाजावर धरा आणि हळूहळू सरकवा. पद्मिनीला पुढच्या बाजूला त्रिकोणी काच आहे आणि तिची उभी दांडी नेमकी नजरेच्या आड येते. आरसा एकतर पूर्णपणे त्रिकोणी काचेतून दिसला पाहिजे, नाहीतर दांडीच्या मागच्या बाजूच्या मोठ्या काचेतून. त्रिकोणी काच उघडल्यावर आरशाला घासत नाही ना, तेही बघा. डुक्कर फियाटचं, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या जुन्या गोलसर फियाटचं, गणित वेगळं आहे. तिच्या पुढच्या दरवाजांची बिजागरी मागे असते, म्हणजे दरवाज्याची पुढची कडच बाहेर फिरते आणि तिथला आरसा तिच्याबरोबर लांब जातो. अशा गाडीला मडगार्डवरचा आरसा मला जास्त पटतो. तो दूर असल्यामुळे त्यातलं चित्र लहान दिसतं, पण रस्त्यावरून नजर फारशी हलवावी लागत नाही. जपानमध्ये तर 1983 पर्यंत मडगार्डवरच आरसे लावत असत.

भोक पाडायच्या आधी पॅड काढलेलंच आहे, तर काच पूर्ण खाली-वर फिरवून बघा. ती ज्या पन्हाळीतून जाते तिथे स्क्रूचं टोक आलं तर काच चरे पाडून घेईल किंवा फुटेल. जागा ठरली की मास्किंग टेप, त्यावर खूण, पंचने हलका ठोका, मग बारीक बिट आणि शेवटी मापाचा. भोकाची धारदार कड कानशीने घासून टाका आणि उघड्या पत्र्याला लगेच प्रायमर लावा. पुण्या-मुंबईच्या पावसात गंजाची सुरुवात इथूनच होते. आतून पट्टी द्यायला विसरू नका. नुसत्या पत्र्यावर आवळलेला आरसा इंजिन चालू ठेवून गाडी उभी असतानाही थरथरतो, आणि काही महिन्यांत भोकाभोवती पत्रा चिरतो. बाहेरून रबराचं पॅकिंग. नट आवळताना हात हलका ठेवा, कारण जुने ब्रॅकेट बऱ्याचदा ओतीव जस्ताचे असतात आणि ते वाकत नाहीत, थेट तुटतात.

जुना आरसा वाऱ्याने खाली झुकत असेल तर तो टाकून नवा घेऊ नका. आरशाच्या मागचा स्क्रू काढा. आत एक गोळा, त्याला धरणारी वाटी आणि स्प्रिंग असते. तिघांनाही रॉकेलने धुवून कोरडं पुसा. गोळ्याला ग्रीस लावायचं नाही, कारण तो जागेवर राहतो तो घर्षणामुळेच. स्प्रिंग थकली असेल तर तेवढीच बदला. पुण्यात नाना पेठेत हातात धरून, दाबून बघून मापाची निवडता येते.

काच कोणती? उजवीकडे सपाट, डावीकडे फुगीर, असं माझं मत आहे. डावा आरसा चालकाच्या डोळ्यापासून जवळजवळ दुप्पट लांब असतो, त्यामुळे त्याच मापाच्या सपाट काचेत तिकडचा रस्ता अगदी अरुंद दिसतो. फुगीर काचेत तो रुंद दिसतो, पण मागची गाडी असते त्याहून लांब भासते. गाडी देताना हे मालकाला शेजारी बसून समजावा, एखादी रिक्षा मागून येऊ द्या आणि आतल्या आरशाशी ताडून दाखवा.

सेटिंग आधी आतल्या आरशाचं करा, मागची काच पूर्ण दिसेल असं. मग बाहेरच्या आरशांत क्षितिज साधारण मध्यावर आणि स्वतःच्या गाडीची जेमतेम कड. पद्मिनीत डाव्या आरशापर्यंत चालकाचा हात पोहोचत नाही, म्हणून एकाने सीटवर बसून सांगायचं आणि दुसऱ्याने बाहेरून काच फिरवायची. जमलं की गोळ्याचा स्क्रू आवळा आणि पुन्हा एकदा बघा, आवळताना काच थोडी सरकतेच. नंतर खडबडीत रस्त्यावरून एक फेरी मारून आणा. रबर दबून नट सैल झालेले असतात, ते पुन्हा आवळा आणि मगच दरवाजाचं पॅड लावा.