ग्वाल्हेरच्या उन्हात ताकातली गवार

फेब्रुवारीअखेर कुंडीत लावलेली गवार मे महिन्यात भाजीला पुरून उरते. उरलेली वाळवून ठेवाच. शेंगा कोवळ्या हव्यात. बी टच्च भरलं की तळल्यावर दाताखाली कडक लागतं. देठं मोडून शेंगा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, निथळा आणि आंबट ताक, मीठ, हळद, हिंगात रात्रभर मुरवा. सकाळी गच्चीत पसरून वर मलमल घाला, कारण इथल्या लूबरोबर, म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याबरोबर, धूळही येते. ही लू कोरडी, त्यामुळे तीन-चार उन्हांत काम होतं. संध्याकाळी मात्र आत आणा. शेंग कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर बरणीत बुरशी धरते. गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा. पावसाळ्यात मंद आचेवर तळून वरणभाताबरोबर वाढा.