ग्राफिक्स कार्ड गेलं असं वाटतंय? आधी हे करून बघा

पीसी चालू होतोय, फॅन फिरतायत, लाइटा लागतायत आणि मॉनिटरवर नुसतं "नो सिग्नल". अशा वेळी सगळ्यात आधी मनात येतं की कार्ड उडालं. उडालं असेलही, पण बऱ्याचदा भानगड वेगळीच असते, म्हणून नवीन कार्ड बघायला लागायच्या आधी अर्धा तास काढून हे सगळं करा.

पहिलं म्हणजे मॉनिटरची केबल कुठे लावलीये ते बघा. हसू नका, मी स्वतः एकदा पीसी साफ करून परत जोडताना केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली आणि दोन तास डोकं धरून बसलो होतो. केबल कार्डच्याच पोर्टला पाहिजे. दुसरी केबल, दुसरा पोर्ट आणि जमलं तर टीव्हीला लावून पण बघा.

आता कार्ड काढून परत बसवायचं. पीसी बंद करा, मागचा स्विच बंद, प्लग काढा आणि मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्टॅटिक जाते. मग कार्डची पॉवर केबल काढा, मागचे स्क्रू काढा आणि स्लॉटच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते ती दाबून कार्ड सरळ वर ओढा. खिट्टी न दाबता ओढाल तर स्लॉटच तुटेल. सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा, स्लॉटमधली धूळ उडवा आणि कट्ट आवाज येईपर्यंत कार्ड परत आत दाबा. जड कार्ड स्वतःच्या वजनाने वाकून स्लॉटमधून थोडं सुटतं, त्यामुळे नुसत्या एवढ्यानेच चालू झालेले पीसी मी पाहिलेत.

पॉवरकडे नीट लक्ष द्या, लोक इथेच चुकतात. स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, बाकीची पॉवर केबलमधून येते, ६ पिनची ७५ आणि ८ पिनची १५० वॉटची. मोठ्या कार्डला दोन ८ पिन लागत असतील तर एकाच केबलचे दोन फाटे न लावता पॉवर सप्लायमधून दोन वेगळ्या केबल आणा. प्रोसेसरची ८ पिन दिसायला तशीच असते, ती इथे ठोकून बसवू नका. नवीन कार्डांचा १६ पिनचा कनेक्टर तर पूर्ण आत गेलाच पाहिजे, अर्धवट बसला तर गरम होऊन वितळू शकतो. आणि गेम चालू केला की अख्खा पीसीच फटकन बंद पडत असेल तर आधी पॉवर सप्लायवर संशय घ्या.

तरी डिस्प्ले नाहीच? मदरबोर्डवर व्हीजीए लिहिलेली छोटी लाइट (ग्राफिक्समध्ये बिघाड असल्याची खूण) पेटलीये का बघा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावा. डिस्प्ले आला तर घोळ कार्डमध्ये, त्याच्या स्लॉटमध्ये नाहीतर त्याच्या पॉवरमध्ये. मात्र इंटेलच्या १२४००एफ सारख्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, एएमडीच्या रायझेन ५६०० मध्ये पण नाही, तिथे स्क्रीन काळीच राहणार. रॅम सैल असली तरी असंच दिसतं, ती पण काढून घाला.

डिस्प्ले येतोय पण रेघा, रंगीत चौकोन, मधेच काळी स्क्रीन असं होत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. माझ्या मते सगळ्यात कामाची टेस्ट हीच, कारण बायोसमध्ये विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, चालूच नसतो. दुसऱ्या केबलवर, दुसऱ्या मॉनिटरवर पण तिथे घाण दिसत असेल तर कार्डची चिप नाहीतर मेमरी गेली असं धरून चाला. बायोस स्वच्छ आणि विंडोजमध्येच गोंधळ असेल तर ड्रायव्हर बघा. नवा ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवा, नेट बंद करा, सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, जुना ड्रायव्हर साफ काढणारं सॉफ्टवेअर) चालवून जुना पूर्ण उडवा आणि मग नवा टाका. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डसमोर कोड ४३ (बिघाड दिसला म्हणून विंडोजने कार्ड थांबवलं, असा एरर) येत असेल तरी हेच करायचं, पण त्यानंतरही तो येतच राहिला तर लक्षण बरं नाही.

गेममध्ये दहा-पंधरा मिनिटांनी लटकत असेल तर टेम्परेचर बघा. लोडवर ८०-८५ डिग्री चालून जातं, त्याच्या वर चढतच असेल तर धूळ, अडकलेला फॅन नाहीतर वाळलेली थर्मल पेस्ट. नुसत्या डेस्कटॉपवर फॅन फिरत नाहीत म्हणून घाबरू नका, बरीच कार्डं गार असताना फॅन बंदच ठेवतात.

शेवटचा निकाल दुसऱ्याच्या पीसीत. मित्राच्या पीसीत तुमचं कार्ड आणि जमलं तर तुमच्यात त्याचं. त्याच्याकडे पण बंदच असेल तर वॉरंटी तपासा, आणि ते व्हायच्या आधी हीटसिंकचे स्क्रू उघडू नका. व्हिडिओत कार्ड ओव्हनमध्ये भाजून चालू करतात ते तर अजिबात नको, चाललं तरी थोडे दिवसच चालतं आणि घरात घाणेरडा धूर होतो तो वेगळाच. वॉरंटी संपली असेल तर चिप लेव्हल रिपेअरवाल्याला दाखवा, फ्यूज नाहीतर एखादा छोटा पार्ट गेला असेल तर तो बदलून कार्ड चालू होऊ शकतं.