असईची लढाई फळीवर मांडताना

शिंदे-भोसल्यांची मराठी फौज आणि वेलस्लीची इंग्रज फौज यांच्यात झालेली असईची लढाई खान्देशातल्या मुलांना दाखवायची तर एक मांडणी पुरत नाही, दोन लागतात. फक्त रणभूमी मांडली तर २३ सप्टेंबर १८०३ चा दिवस कळतो, पण महिनाभरात आपला असीरगड इंग्रजांच्या हाती का पडला ते कळत नाही.

रणभूमीसाठी चार फूट बाय तीन फुटांची फळी घ्या, कडेला पट्ट्या ठोका. दोन भाग गिरणेची वाळू, एक भाग काळी माती, मूठ वळेल इतकं पाणी. थर दोन इंच. नुसती काळी माती वाळली की भेगाळते आणि नदीकाठ ढासळतो. एक फूट म्हणजे एक मैल धरा. खाली केळना, वर जुई या नद्या कोरा. दोन्ही उजवीकडे, पूर्वेला मिळतात. जुईच्या दक्षिण काठावर असई गाव.

एक दाणा म्हणजे शंभर माणसं. मराठ्यांकडचा सेनानी पोलमन याच्या हाताखालच्या कंपूंना, म्हणजे कवायती पायदळाला, १०८ सरक्या, वेलस्लीच्या पलटणींना तुरीच्या ४५ डाळी. सरकीवरचा कापूस आधी काढा, नाहीतर ती ओल्या मातीला चिकटून बसते. पाच तोफांना एक मिरी: मराठ्यांकडे वीस, इंग्रजांकडे तीन-चार. शिंदे-भोसल्यांच्या घोडदळाला दादर ज्वारीचे ३०० दाणे पश्चिमेला ठेवा. लढाईभर ते जवळजवळ हलत नाहीत.

सरक्या आधी केळनेच्या उत्तर काठाला, तोंड दक्षिणेकडे. वेलस्ली दक्षिणेकडून येऊन पूर्वेला वळतो. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, म्हणजे मध्ये नदी पायी ओलांडायचा उतार असणारच, हा त्याचा अंदाज खरा ठरला. डाळी तिथून पार करून दोन नद्यांच्या बेचक्यात पश्चिमाभिमुख लावा.

इथेच बहुतेकांचं चुकतं: सरक्या जागच्या जागी राहतात. पोलमनने सैन्याची अख्खी रांग काटकोनात फिरवली. उजवं टोक केळनेला, डावं असईला. कंपूंची ही कवायत दाखवली नाही तर इंग्रजांची इतकी माणसं का पडली ते उमगत नाही. त्यांच्या उजव्या टोकाला ऑरॉकची तुकडी चुकून थेट असईच्या तोफांपुढे गेली, मागोमाग ७४ वी पलटण. मॅक्सवेलच्या घोडदळाने उरलेल्यांना वाचवलं. मिरी मात्र लगेच उचलू नका. तोफांखाली मेल्यासारखे पडलेले मराठ्यांचे गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, उठले आणि त्यांनी पुढे गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर मारा केला. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या त्या शेवटी.

आता ४५ पैकी १६ डाळी काढा: मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून १,५८४. एवढ्या जखमींना सोडून पाठलाग होत नाही.

दुसरी मांडणी जमिनीवर खडूने: सातमाळ्याची रांग, अजिंठा घाट, तापी, बऱ्हाणपूर, असीरगड. २४ तारखेच्या संध्याकाळी असईला पोचलेला दुसरा इंग्रज सेनानी स्टीव्हन्सन ताज्या फौजेनिशी खान्देशात उतरला. ऑक्टोबरच्या मध्याला बऱ्हाणपूर, २१ ला असीरगड. गड बळकट होता, पण तोफा आणि कंपू असईला गेल्यावर वेढा उठवायला येणारं कुणी उरलं नव्हतं. पुढचे बाण २९ नोव्हेंबरच्या आडगावला, १५ डिसेंबरच्या गाविलगडला आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाला न्या.

दादरचे दाणे गोळा करून ठेवू नका. तेच घोडदळ वळून दक्षिणेत घुसेल म्हणून वेलस्लीला घाटमाथा सांभाळावा लागला, आणि आडगावला त्यातलेच दाणे पुन्हा लागतात.