लिनोकटच्या काळ्या भागात पांढरे ठिपके येत असतील तर

लिनोकट म्हणजे लिनो (लिनोलियमचा तुकडा) कोरून, त्यावर शाई लावून कागदावर घेतलेला ठसा. ठाण्यात घरीच, छपाईच्या प्रेसशिवाय, चमच्याने घासून लिनोकट छापते. बारीक रेषा स्वच्छ यायच्या, पण मोठा काळा भाग मीठ सांडल्यासारखा ठिपकेदार. शाई वाढवली तर रेषा बुजल्या. चमच्याला जोर दिला तर कागद फाटला. रडकुंडीला आले होते.

लिनोचा वरचा तुळतुळीत थर शाई नीट धरत नाही, आणि जाड, खडबडीत कागद सगळीकडे टेकत नाही. म्हणून आता हा क्रम:

कोरण्याआधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून लिनो हलकेच घासायचा, पुसून पूर्ण वाळवायचा. तेलाची शाई काचेवर अगदी पातळ पसरायची. रोलर फिरताना बारीक चरचर ऐकू यायला हवी. पचपच झाली तर शाई जास्त आहे. ब्लॉकवर, म्हणजे कोरलेल्या लिनोवर, शाईचे पातळ थर, प्रत्येक थराला दिशा बदलून. कागद पातळ, लांब तंतूंचा. जपानी किंवा नेपाळी हातकागद उत्तम. गुळगुळीत बाजू खाली. वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासायचं. एक बाजू घट्ट दाबून दुसरी उचलून बघायची. ठिपके दिसले तर कागद परत टेकवून तेवढाच भाग घासायचा. पहिला ठसा फिकाच येतो, त्यावरून निकाल लावू नका.

पावसाळ्यात ठसे एकावर एक न ठेवता दोरीला टांगा. इथल्या दमट हवेत तेलाची शाई फार हळू वाळते.