शहरातली अळंबी ओळखताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे फोटो यायला लागतात. वरून काढलेली एकच छत्री आणि खाली प्रश्न : "खाता येईल का?" वरून छत्री पाहून काहीही ठरत नाही. खालचे पापुद्रे, देठ, देठाचं बूड आणि ती मातीत उगवली की लाकडावर, हे सगळं दिसायला हवं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बीजाणूंचा, म्हणजे पापुद्र्यांतून गळणाऱ्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा न घेणं. एका ओळखीच्या गृहस्थांनी हिरवळीवरून पिशवीभर अळंबी आणली होती. पांढऱ्या छत्र्या, पांढरे पापुद्रे, देठावर कडं. मोबाईलवरच्या ॲपने 'खाण्यायोग्य' म्हटलं होतं आणि कढई तापत होती. मी त्यातली नीट उमललेली एक मागून घेतली, देठ कापला, पापुद्रे खाली करून कागदावर ठेवली, वर पेला उपडा घातला आणि सकाळपर्यंत थांबायची गळ घातली. सकाळी पेला उचलला तर कागदावर मळकट हिरवा ठसा! ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस होती. हिचे पापुद्रे कोवळेपणी पांढरेच असतात, बीजाणू पिकले की हिरवट होतात. खाल्ली की काही तासांत उलट्या आणि जुलाब. मी कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घेतो, म्हणजे पांढरा ठसाही नजरेतून सुटत नाही. एक रात्र थांबायची तयारी नसेल, तर अळंबीच्या नादी लागूच नये.

दुसरी चूक, देठ वरच्यावर खुडणं. अमानिटा या गटात जीवघेण्या अळंब्या आहेत. तिची ओळख पटवणारी पिशवी बुडाशी, बरेचदा मातीतच राहते. मी जुन्या चमच्याने भोवतालची माती उकरून अख्खी काढतो. त्यातल्याच अमानिटा फॅलॉइड्सचं विष शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहसा 6 ते 12 तास लागतात. मध्ये बरं वाटतं, पण यकृताची हानी चालूच असते.

चांदीचा चमचा काळा पडला नाही, गोगलगायीने खाल्ली, ही अळंबी बिनविषारी असल्याची परीक्षा नव्हे. रहदारीच्या रस्त्याकडेची तर ओळख पक्की असली तरी खाऊ नका. अळंबी शिसं, कॅडमियम शोषून घेते.

शाईछत्रीचा फोटो लगेच काढा. काही तासांत तिची काळी शाई होते.

आणि 'खाता येईल का' एवढंच विचारणाऱ्यांच्या हातून किती सुटतं! वाळक्या फांदीवरची राखाडी, केसाळ शायझोफायलम कुणी पाहतच नाही. तिची कोरडी पंख्यासारखी छत्री पाण्यात भिजवा आणि भिंगाखाली धरा. दुभंगून आत वळलेले पापुद्रे हळूहळू सरळ होताना दिसतील.